दोरी भिजत घालायचे दिवस

मार्च लागला की आमच्या बाल्कनीतल्या कपड्यांना दोन-दोन चिमटे लावावे लागतात. एरवी एकाने भागतं. सुनंदा होती तेव्हा हे काम तिचं होतं. दुपारचे बारा-साडेबारा झाले की ती हातातलं टाकून बाल्कनीत यायची, प्रत्येक कपड्याला दुसरा चिमटा लावायची आणि पुटपुटायची, "आला मेला." मेला म्हणजे वारा. भाईंदर पश्चिमेला मोरव्याच्या बाजूला आमची इमारत, त्यात पाचवा मजला. समुद्र आणि आमच्यामधे फक्त मिठागरं. त्यामुळे समुद्रावरून निघालेला वारा वाटेत कुठे न थांबता थेट आमच्या टॉवेलांवर येतो. तीन वर्षांपासून चिमटे मी लावतो. निम्मे तुटलेत. नवे आणायचं रोज ठरवतो आणि रोज विसरतो. विसरण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये.

यंदाही आला मेला. मी चिमटे लावत होतो तेवढ्यात फोन वाजला. उत्तनचा डेरिक होता, शर्यत भरवणारा.

"काका, पुढच्या रविवारी मापणी करतोय. दोरी तुमच्याकडेच आहे ना?"

"माझ्याकडेच आहे."

"टेंपो पाठवू, का यंदा तरी स्वतः येताय?"

मी म्हणालो, बघतो. फोन ठेवला आणि माळ्याकडे बघत बसलो. माळ्यावर दोरी होती. गेल्या तीन वर्षांत मी त्या माळ्याखालून जाताना वर बघायचं टाळत आलो आहे. स्वतःच्याच घरात माणसाने अशा जागा करून ठेवू नयेत, पण होतात.

या दोरीचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. वर्षातून एकदा, मार्चातल्या एका रविवारी, उत्तनच्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्यांची शर्यत होते. होड्या एकमेकींशी नाही, घड्याळाशी धावतात. पाण्यात दोन काठ्या रोवलेल्या असतात. एकेक होडी एकटी सुटते. पहिल्या काठीपाशी लाल फडकं खाली येतं, दुसरीपाशी घड्याळ बंद होतं. इंजिनं आली तेव्हा गावातली शिडं घडी होऊन माळ्यावर गेली, ती या एका दिवसासाठी खाली येतात. कुणी पैसे देत नाही, कुणी घेत नाही. पेणकरपाड्याची एक नर्स औषधांची पेटी घेऊन येते. मीरा रोडच्या टॉवरमधलं एक जोडपं शिट्ट्या आणि याद्या सांभाळतं. उत्तनच्या वाटेवरच्या डोंगरी गावचे एक रिटायर्ड कंडक्टर माइकवर बसतात आणि होडीला "चला, पुढे चला" म्हणतात. दिवस बहुतेक ईस्टरआधीच्या उपवासकाळात येतो, म्हणून मटण नाही, दारू नाही. उकडलेले चणे आणि लिंबाचं सरबत. बक्षीस म्हणाल तर जाळी ठेवायच्या शेडमध्ये एक लाकडी फळा आहे. त्यावर एकच नाव आणि एकच वेळ रंगवलेली असते. आजवरची सगळ्यात कमी. ती मोडली तरच रंगाचा डबा उघडायचा.

शर्यत संपली की काठ्या उपटाव्या लागतात, नाहीतर जाळी अडकतात. म्हणजे दर वर्षी अंतर नव्याने मोजणं आलं. ते मोजायची दोरी तागाची, पन्नास मीटरची. सकाळी ओहोटीला चिखलात ती दहा वेळा टाकायची, दोन टोकांना काठ्या रोवायच्या. दुपारी भरतीचं पाणी वर येतं आणि वारा सुटतो. आता तागाची दोरी भिजली की आखडते. पहिल्या वर्षी ती आदल्या दिवसापासून होडीतल्या पाण्यात पडून होती, तशीच ओली काढून मोजली गेली. तेव्हा पुढे कायम ओल्याच दोरीने मोजायचं ठरलं. कारण फळ्यावरची वेळ ओल्या दोरीची होती. टॉवरवाला तरुण दर वर्षी म्हणतो, "अंकल, मोबाइल में नाप लेते हैं ना, दो मिनट का काम है." त्याच्या हातात सरबताचा ग्लास देतात.

मी चाळीस वर्षं एका सर्वेअरच्या ऑफिसात काढली, म्हणून दोरी माझ्याकडे आली. आणखी एक कारण होतं. मी रत्नागिरीचा, गावातल्या कुठल्याच पाड्याचा नाही, त्यामुळे मी मोजलं तर कुणाला बोलायला जागा राहत नाही. मोजणीच्या आदल्या दुपारी बाल्कनीतल्या निळ्या पिंपात पाणी भरायचं, मिठागरातलं जाडं मीठ टाकायचं आणि दोरी बुडवायची. शेजारच्या मंजुळाबेन नाकाला पदर लावून विचारायच्या, "राणेभाई, ये क्या सडाके रखा है?" सुनंदा आतून सांगायची, "अचार है, बेन." आणि स्वतःच हसत बसायची.

सांतानची ओळख या दोरीनेच झाली. नियम असा की दोरीचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं होडीवाल्यांपैकी एकाच्या. मागून तक्रार नको. माझ्या पहिल्या वर्षी दुसरं टोक धरून एक काळा, रुंद, पंचेचाळिशीचा माणूस गुडघाभर चिखलात उभा होता. मी ऑफिसातल्या सवयीने "ताण द्या, ताण द्या" म्हणत होतो. त्याने एक झटका असा दिला की मी तोंडावर चिखलात. तो शांतपणे म्हणाला, "दिला ताण, साहेब." त्या दिवशी त्याच्या घरी अंघोळ केली, त्याचा सदरा घातला आणि त्याच्या बायकोने, फिलूबायने वाढलेलं जेवलो. पुढची अकरा वर्षं मी महिन्यातून दोन रविवार त्याच्या ओसरीवर होतो. बस डोंगरीवरून वळली की मला घरी आल्यासारखं वाटायचं. रत्नागिरीला जाताना तसं वाटेनासं झालं होतं.

फळ्यावरचं नाव सांतानच्या बापाचं होतं, इंतोनबाबाचं. शर्यतीच्या पहिल्याच वर्षी, साठी उलटल्यावर त्यांनी ती वेळ दिली होती आणि नंतर कुणाला मोडता आली नव्हती. म्हातारा लेकाला येता-जाता म्हणायचा, "तुज्या हाताला वारा न्हाय." मरेपर्यंत म्हणत होता. सांतान हे सांगायचा तेव्हा हसायचा, पण सांगायचा दर वेळी. मला एकदा म्हणाला, "बाबाचा नाव पुसायचा न्हाय मला. खाली आपला लिवायचा. दोगं एका फळ्यावर." नवं नाव लिहिताना जुनं पुसायचंच कशाला, असा त्याचा हिशेब होता. फळ्यावर खाली जागाही होती. मी पाहून ठेवली होती.

तीन वर्षांपूर्वी त्याने सांगून टाकलं, ही शर्यत शेवटची. गुडघे गेले होते, होडीच्या फळ्या सडल्या होत्या. पावसाआधी होडी मोडायची ठरली होती. "यंदा झाली तर झाली." शीड नव्याने शिवलं. फिलूबाय महिनाभर कुरकुरत होती की घरात हातभर जागा नाही, सगळीकडे कापड.

आणि त्याच आठवड्यात सुनंदाला दवाखान्यात न्यावं लागलं. पोटाचं दुखणं म्हणून गेलो आणि डॉक्टर दुसरंच काही बोलायला लागले. शुक्रवार, शनिवार मी तिच्या खाटेशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर होतो. रविवारी सकाळी तिची बहीण आली, सुनंदानेच मला हाकललं, "जा, खोळंबतील तिकडे." घरी येऊन दोरी खांद्यावर टाकली, रिक्षा पकडली आणि डोंगरीच्या चढावर कुठेतरी लक्षात आलं की दोरी हलकी आहे. सुकी होती. पिंप बाल्कनीत रिकामं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. पण ओहोटी चालली होती, चाळीस माणसं उभी होती आणि माझ्या डोक्यात डॉक्टरांचं बोलणं होतं. मी किनाऱ्याच्या एका कडेला गेलो, दोरी पाण्यात दोन-तीनदा बुचकळली आणि स्वतःला म्हटलं, झाली ओली. वरून झालीच होती. चाळीस वर्षं मोजणीत घालवलेल्या माणसाने असं स्वतःला म्हणावं.

दुसरं टोक त्या वर्षी सांतानकडे आलं होतं. त्याने टोक हातात घेतलं, अंगठ्याने दोरी दाबली, मग माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी कशी हाय?"

"बरी आहे," मी म्हणालो. "चल, पाणी फिरेल."

तो मागे मागे चालत गेला.

दुपारी त्याची होडी सुटली तेव्हा माइकवरचे कंडक्टर "पुढे चला" म्हणायचं विसरून उभे राहिले. शीड भरलं, होडी एका अंगावर कलली आणि सांतान दुसऱ्या अंगाला जवळजवळ पाण्याबाहेर आडवा झाला होता, त्या गुडघ्यांनी. इतकी सरळ गेलेली होडी मी पुन्हा पाहिली नाही. घड्याळ बंद झालं. नर्सने आकडा पाहिला, दुसऱ्या घड्याळाशी ताडला आणि मान हलवली. एका सेकंदाने राहिलं होतं. सांतान पाण्यातून चालत आला, फळ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "बाबाच खरा." सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी दवाखान्यात सुनंदाने पहिलं तेच विचारलं.

"सांतानभाऊंचं काय झालं?"

"एका सेकंदानं गेलं."

"अरेरे." मग म्हणाली, "पण दोरी कुणी भिजवली? तू तर काल इथेच होतास."

मी दोन-तीनदा बुचकळल्याचं सांगितलं. तिला काही बोलायचं नसलं की ती चादरीची सुरकुती काढायची. ती काढत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी इमारतीच्या पॅसेजमध्ये दोरी मोजली. आधी कोरडी, मग दिवसभर भिजवून. पॅसेजमध्ये खडूने खुणा केल्या, वॉचमनला वाटलं मी काहीतरी पार्किंगचं करतोय. फरक एक हाताचा आला. दहा वेळा दोरी टाकली म्हणजे दहा हात. सांतानची होडी बापाच्या होडीपेक्षा दहा हात जास्त धावली होती, आणि एका सेकंदाने मागे पडली होती. दहा हात कापायला होडीला एका सेकंदाहून जास्तच लागतं; शिकाऊ पोरालाही करता येईल असं गणित. मी ते चार वेळा करून पाहिलं.

सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला सांग." मी म्हटलं, सांगतो. "माझं बरं झाल्यावर वगैरे नको, आत्ता सांग." मी म्हटलं, हो, याच रविवारी. तो रविवार गेला, मग पुढचे गेले. जूनमध्ये सुनंदा गेली. तिला दिलेले बहुतेक शब्द मी पाळले होते, निदान उशिरा तरी. हा राहिला.

बाराव्यानंतर सांतान आला. पाच मजले चढून, कारण लिफ्ट बंद होती. त्याच्या गुडघ्यांचा आवाज मला दारातूनच ऐकू आला. सोफ्याच्या कडेला बसला, सुनंदाच्या फोटोकडे बघत राहिला. होडी मोडल्याचं सांगितलं. मला त्याच्या हातांकडे बघवेना. मी म्हटलं, मला जरा बँकेत जायचंय. रविवार होता. तो उठला, "येतो, राणेभाऊ" म्हणाला आणि पाच मजले उतरून गेला. मी बाल्कनीतून बघत होतो. मधे एकदा तो गेटपाशी थांबला आणि मी आत सरकलो.

त्यानंतर मी उत्तनला गेलो नाही. दोन्ही वर्षं दोरी नीट भिजवली, गोणपाटात गुंडाळली आणि डेरिकच्या टेंपोत टाकली. एकदा दाढदुखी सांगितली, एकदा पुतणीचं लग्न. सांतानचे फोन आले, मग कमी झाले. गेल्या डिसेंबरात डेरिकचाच फोन आला, सांतान गेल्याचा. मी चर्चमध्ये शेवटच्या बाकामागे उभा राहिलो आणि माती द्यायच्या आधी निघालो. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "क्या हुआ, चाचा?" मी म्हटलं, "धूल." डोळ्यांत धूळ गेल्याचं सांगणारी माणसं मला एरवी खोटारडी वाटतात.

यंदा टेंपो नको म्हणून कळवलं आणि गुरुवारी बसने निघालो. डोंगरीच्या वळणावर पूर्वी घरी आल्यासारखं वाटायचं तिथे उतरून परत फिरावंसं वाटलं. घर तेच होतं. ओसरीवर सांतानचं जाळं नव्हतं. फिलूबाय मागच्या अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घालत होती, जबड्यात जबडा अडकवून दोन-दोन. मला बघून ती आश्चर्य वगैरे काही करत बसली नाही. "बसा," म्हणाली आणि बोंबील घालतच राहिली.

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

"फिलूबाय, त्या वर्षी दोरी सुकी होती. सांतानच्या शेवटच्या वर्षी. मी भिजवायला विसरलो होतो. अंतर जास्त भरलं. तो हरला नव्हता."

तिने हातातली जोडी बांबूवर टाकली.

"म्हाईत हाय."

मला वाटलं, तिला नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागलो, दहा हात, एक सेकंद. तिने हाताने थांबवलं.

"त्याच दिवशी घरी आला, पाय धुतलं नि बोलला, दोरी सुकी व्हती. मी बोलली, मंग तवाच बोलायचा ना. तर बोलला, कसा बोलू? दवाखान्यातना आला व्हता तो. त्याचा त्वांड बघितला असता तू. त्याला सगल्यांसमोर उभा करू?"

"म्हणजे मोजतानाच..."

"हातात घेतल्यावरच. दोरी सुकी का ओली कललीच न्हाय तर कोली कसला?" तिने टोपलीतून पुढची जोडी उचलली. "ठावं असून शीड चढवला. लांब तर लांब, बोलला."

वारा सुटला होता आणि बोंबील एका बाजूला हलत होते. मला सकाळची ती वेळ आठवली. अंगठ्याने दाबलेली दोरी आणि लगेच विचारलेलं, वहिनी कशी हाय. मी इतकी वर्षं ते दोन वेगवेगळे प्रसंग समजत होतो.

"मग तो मला कधी का बोलला नाही? मी येत नव्हतो, त्याने तरी यायचं."

फिलूबाय पहिल्यांदा थांबली. हात लुगड्याला पुसले.

"मी पन तेच बोलायची. रयवार आला की ओसरीवर बसायचा, डोंगरीची बस आली की मान वर करायचा. मी बोलली, जा ना, भेटून ये. तर बोलला, मी गेलो तर त्याला वाटंल, दोरीचा बोलायला आलो. एकदा गेलो तवा पन त्याला तसाच वाटला. उगा त्याला तरास." ती माझ्याकडे बघत होती. "दोन वरसं बसला हितं."

मी ओसरीच्या पायरीवर बसलो. रडलो. ते लपवण्यात आता अर्थ नव्हता आणि तिनेही गप्प करायचा प्रयत्न केला नाही. त्याची एक शर्यत मी घालवली हे मी उरात धरून बसलो होतो. खरं म्हणजे ती त्याने तिथेच चिखलात सोडून दिली होती. मी घालवले ते रविवार. त्याचेही आणि माझेही.

चहा झाल्यावर मी म्हटलं, "डेरिकला सांगतो. फळ्यावर सांतानचं नाव लिहायला लावतो. बापाच्या खाली जागा आहे."

"नको." तिने जरा विचार केला. "मोजलेला न्हाय ते लिवायचा न्हाय. तोच बोलला असता. पन तुमी सगल्यांना सांगा. त्वांडानं."

रविवारी मी पहाटेच्या पहिल्या बसने गेलो. दोरी पाणी गाळत होती म्हणून कंडक्टरने मला मागच्या दरवाज्यापाशी उभं केलं. किनाऱ्यावर तीच माणसं होती, थोडी पिकलेली. नर्सने चष्मा लावला होता. काठ्या तयार होत्या. मी डोंगरीच्या कंडक्टरसाहेबांकडून माइक मागितला. त्यांना वाटलं, सूचना असेल. मी सांगितलं. विसरलो, लपवलं, तीन वर्षं गप्प बसलो, आणि सांतान जिंकला होता, आणि त्याला ते माहीत होतं. माझा आवाज भोंग्यातून लांब जाऊन परत येत होता, ते ऐकायला फार वाईट वाटत होतं.

मला वाटत होतं दोरी माझ्याकडून काढून घेतील, आणि घेतली असती तर मी दिली असती. डेरिक जाळ्यांच्या शेडकडे, फळ्याकडे बघत होता. मग तो माझ्याकडे वळला.

"बरं. ओहोटी चाललीय, काका. दुसरं टोक कोण धरतंय?"

होडीवाले एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्या मागून फिलूबाय पुढे आली. तिने लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं होतं. बाईने टोक धरल्याचं आजवर झालं नव्हतं, पण नाही कुणी म्हटलं नाही. ती चिखलात उतरली, माझ्या हातातून दोरीचं टोक घेतलं आणि अंगठ्याने दाबलं. पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"भिजलीय," ती म्हणाली, आणि मागे मागे चालायला लागली.